मोत्याचा ताप आणि आमचा संशय



या सदरात मी नेहमी लागण, खोडवा, हुमणी आणि खताच्या मात्रा यांवर लिहितो. या खेपेस कुत्र्याच्या एका पिलाची हकिकत सांगणार आहे. "साहेबांचे विषय संपले वाटतं," असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे, पण शेवटपर्यंत वाचावे. या पिलाच्या आजारपणात मला जे शिकायला मिळाले ते उसाच्या फडालाही लागू पडते आणि शेजारधर्मालाही.

गेल्या आषाढात आमच्या वस्तीवरच्या कुत्रीला चार पिल्ले झाली. दोन लोकांनी मागून नेली. गणपतीला भाचा आला, त्याने तिसरे उचलले. माझी थोरली बहीण भिवंडीला निजामपुऱ्यात राहते. दाजींची सारी हयात यंत्रमागाच्या खडखडाटात गेली. भाच्याची मुलगी सहा वर्षांची. तिने पिलाचे नाव ठेवले मोत्या. चौथे पिल्लू आमच्याकडेच राहिले, त्याला आम्ही काळ्या म्हणत होतो.

दसऱ्याच्या आधी काळ्या आजारी पडला. दोन दिवस भाकरीला तोंड लावीना, अंग तापलेले, डोळ्यांत चिपाडे. तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त आले आणि चौथ्या दिवशी पहाटे गोठ्याच्या दाराशी तो मरून पडलेला दिसला. बांधावरच्या बाभळीखाली त्याला पुरले.

आता मूळ गोष्ट. शेजारच्या शेतकऱ्याने आठवडाभर आधी उसात उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवल्या होत्या. त्या कशा ठेवायच्या हे आपल्या कारखान्याच्या उंदीर नियंत्रण मोहिमेत मीच त्याला शिकवले होते. हे औषध रक्त गोठू देत नाही, म्हणून खाल्लेला प्राणी दोन-चार दिवसांनी आतून-बाहेरून रक्तस्राव होऊन मरतो. हे मला ठाऊक, आणि काळ्याच्या नाकातून रक्त आलेले. दोन आणि दोन चार. आमच्या घरच्यांनी बांधावर उभे राहून त्याला चार शब्द सुनावले. मी मध्ये पडलो नाही. खरे सांगायचे तर मलाही तेच वाटत होते.

तो माणूस गरीब स्वभावाचा. "वड्या बिळात घातल्यात, माती लावून बिळं बुजवल्यात," एवढेच म्हणाला. दोन दिवसांनी गट कार्यालयात चिटबॉयला त्याने हळूच विचारले, "आता साहेब माझी तोड शेवटाला ढकलणार का?" हे माझ्या कानावर आले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या हातात तोडणीचा कार्यक्रम आहे, म्हणून एक सभासद मला भितो, आणि कशावरून, तर एका पिलावरून!

भाऊबीजेला भिवंडीला गेलो. दारातच बहीण म्हणाली, "दादा, मोत्या बरा नाही रे." पाहतो तर तीच लक्षणे. अन्नावर वासना नाही, कोपऱ्यात निजलेला, हिरड्या पांढुरक्या. भाच्याने सांगितले, पंधरा दिवस हेच चालले आहे. आधी जंताचे औषध झाले. मग एका दवाखान्यात पार्व्हो असेल म्हणून सलाईन लावले. पार्व्हो हा पिलांना होणारा जुलाब-उलटीचा विषाणूजन्य रोग, जगात तो १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला. पण मोत्याला रक्ताचे जुलाब नव्हतेच. ताप उतरवायचे इंजेक्शन दिले की चार दिवस शेपूट हलवायचा, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. शेजारच्या एका बाईने "पिसाळलेलं असेल, पोरीला जवळ जाऊ देऊ नका," असे सांगितल्यापासून घरात रडारड. पोर दाराआडून त्याला हाका मारीत होती.

पिसाळण्याची शंका हसण्यावारी नेऊ नये हे खरे. पण नुसत्या शंकेवर पिलाला रस्त्यावर सोडणे हाही उपाय नव्हे. त्याच संध्याकाळी मोत्याच्या नाकातून रक्त आले. माझ्या पोटात गोळा आला. काळ्याचेही असेच झाले होते, आणि इथे निजामपुऱ्यात उसाचा फड कुठला अन् आमचा शेजारी कुठला?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला गोधडीत गुंडाळून ठाण्यातल्या एका पशुवैद्याकडे नेले. डॉक्टरांनी इंजेक्शनला हात लावण्याआधी पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. पिल्लू कुठून आणले? भावंडे कशी आहेत? लस कोणती दिली? कोणाला चावले का, त्याला कोणी चावले का? मग त्यांनी कान उलटे करून पाहिले, पायाच्या बोटांमधल्या बेचक्या पाहिल्या, पोटावरचे केस बाजूला केले. पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. बेचक्यात दोन तपकिरी गोचिडी निघाल्या. ताप १०४ अंश. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते, म्हणून नुसता हात लावून "अंग गरम आहे" म्हणण्यात अर्थ नाही, हेही तेव्हा कळले.

रक्त तपासले. कुत्र्याच्या रक्तात साधारणपणे दोन ते पाच लाख प्लेटलेट पेशी असतात. रक्त थांबवणे हे त्यांचे काम. मोत्याच्या निघाल्या १८ हजार. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यात जंतू दिसला नाही. मी म्हटले, "म्हणजे तो रोग नाही." डॉक्टर म्हणाले, "अहो, दिसला तर आहे हे नक्की. दिसला नाही म्हणून नाही असं होत नाही." दुसरी एक चाचणी केली तेव्हा निदान झाले: गोचीड ताप, एर्लिकिया.

मी उंदराच्या औषधाचा विषय काढला. त्यांनी समजावून सांगितले की, त्या विषात प्लेटलेट सहसा इतक्या उतरत नाहीत, बिघाड होतो तो रक्त गोठवणाऱ्या घटकांत. त्याची तपासणी वेगळी आणि उतारा वेगळा, जीवनसत्त्व के. वरून दोन्हींत नाकातून रक्तच येते. माझी मान खाली गेली.

या रोगाची थोडी माहिती देतो. याचा जंतू १९३५ साली आफ्रिकेतील अल्जीरिया देशात प्रथम ओळखला गेला. पुढे व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन लष्कराची मोठमोठी कुत्री याच रोगाने नाकातून रक्त येऊन मेली, तेव्हा जगाचे लक्ष याकडे वेधले. हा जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशीत शिरून राहतो. गोचीड चावल्यावर एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो. कधी तो आपोआप उतरतो, मालकाला वाटते बरे झाले, आणि रोग महिनोन् महिने अंगात दबा धरून बसतो. म्हणूनच हा आजार चकवतो.

मी समजत होतो, आमच्या गोठ्यातलीच गोचीड कुत्र्याला लागली. तेही चूक निघाले. गाई-म्हशींची गोचीड वेगळी, त्यांच्या गोचीड तापाचे जंतूही वेगळे. कुत्र्याची तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली पडते, भिंतीच्या फटीत चढते आणि तिथे हजारो अंडी घालते. अंड्यातून निघालेल्या पिलात हा रोग उतरत नाही. आजारी कुत्र्याचे रक्त पिऊन ते रोग घेते, आणि पुढच्या अवस्थेत दुसऱ्या कुत्र्याला देते. मोत्याबरोबर आम्ही त्याचे निजायचे गोणपाटही प्रेमाने भिवंडीला पाठवले होते. रोग तिथून गेला की इथूनच अंगात होता, सांगता येत नाही. पण पाठवणारे आम्हीच.

उपचार म्हणाल तर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या, वजनाप्रमाणे, पोटभर खाणे झाल्यावर, अठ्ठावीस दिवस. तिसऱ्याच दिवशी मोत्या उठून दूध प्यायला. इथेच माणूस फसतो आणि गोळ्या बंद करतो. भाच्याच्या पोरीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारून अठ्ठावीस फुल्या पुऱ्या केल्या. महिनाभराने प्लेटलेट दोन लाखांच्या वर आल्या.

आता उसाकडे वळू. डॉक्टरांकडे बसल्या बसल्या मला गवताळ वाढीचा रोग आठवला. महाराष्ट्रात त्याची नोंद १९४९ च्या सुमारास झाली. अनेक वर्षे तो विषाणूचा रोग समजला जाई. १९६७ साली जपानी शास्त्रज्ञांनी वनस्पतीत जिवाणूसारखा, पण भिंत नसलेला सूक्ष्म जीव दाखवला, आणि मग उलगडा होत गेला. टेट्रासायक्लिन दिले की अशा रोगाची लक्षणे दबतात, ही त्याची एक खूण. मोत्याच्या गोळ्या त्याच कुळातल्या! शेतात अर्थातच ते औषध वापरायचे नसते. तिथे निरोगी बेणे, उष्ण हवेची बेणेप्रक्रिया आणि रोगट बेट मुळासकट काढणे हाच मार्ग.

पण आपण करतो काय? पान पांढरे-पिवळे पडले की कोणी म्हणते युरिया कमी पडला, कोणी म्हणते केवडा, कोणी म्हणते शेजाऱ्याच्या तणनाशकाचा वारा लागला. केवड्याला हिराकस लागते, गवताळ वाढीला हिराकसाचा काडीचा उपयोग नाही. बेट उपटून मुळी पाहिल्याशिवाय हुमणी आहे की पाणी साचले, ते सांगता येत नाही. आधी पाहणी, मग निदान, मग औषध. दोष देणे त्याच्याही नंतर.

कुत्री पाळणाऱ्या सभासदांसाठी चार गोष्टी:

१. पिल्लू दोन दिवस खात नसेल, ताप असेल, हिरड्या पांढऱ्या दिसत असतील किंवा नाकातून रक्त येत असेल तर पशुवैद्य गाठावा आणि रक्त तपासून घ्यावे. मोठ्या तपासणीसाठी परळला १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

२. माणसाच्या तापाच्या व अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. त्या जीव घेऊ शकतात.

३. गोचीड हाताने चिरडू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. कुत्र्याबरोबर त्याची जागा, गोणपाट आणि भिंतीच्या फटीही साफ कराव्यात.

४. तीन महिन्यांचे झाल्यावर पिलाला रेबीजची लस द्यावीच. कोणतेही कुत्रे चावले तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जावे.

भिवंडीहून परतल्यावर मी पहिल्यांदा शेजाऱ्याच्या वस्तीवर गेलो. काळ्याचे रक्त कोणी तपासले नव्हते, तेव्हा तो कशाने मेला हे छातीठोकपणे मीही सांगू शकत नाही. पण शहानिशा न करता बोललो ही चूक आमची, हे मी त्याच्या ओट्यावर बसून, त्याच्या मुलांदेखत कबूल केले. तो गप्प राहिला. मग आत वळून म्हणाला, "साहेबांना चहा टाका." त्याचा ऊस नोंदीच्या तारखेप्रमाणे, त्याच्या पाळीला तुटला. तो तसाच तुटणार होता, पण त्याला शंका यावी अशी वेळ मी आणली, हे मला विसरता येत नाही.

बाभळीखालच्या मातीवर आता गवत उगवले आहे. मोत्या निजामपुऱ्यात माग सुरू झाले की भुंकतो, असे भाची फोनवर सांगते.

कळावे.

आपला,
ऊसविकास अधिकारी