भावाच्या आठवणीचे देऊळ : अंबाजोगाईतील एक दिवस

अंबाजोगाईस येणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा प्रवास योगेश्वरीच्या मंदिरापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. दर्शन घ्यावे, प्रसाद घ्यावा आणि पुढच्या गावाची वाट धरावी, असा परिपाठच पडून गेला आहे. परंतु बालाघाटच्या कुशीत, जयंती नदीच्या काठी वसलेल्या या नगरीत एक पूर्ण दिवस काढला, तर मराठवाड्याची काही शतके पायी चालून पाहता येतात.

आरंभ सकाळच्या कोवळ्या उन्हात हत्तीखान्यापासून करावा. शिवलेणी किंवा जोगाई मंडप या नावांनीही हे स्थान ओळखले जाते. खडक खोदून काढलेले प्रशस्त अंगण, त्यात नंदीमंडप, आत स्तंभांच्या रांगांनी तोललेला मोठा सभामंडप आणि अंगणात त्याच खडकातून घडविलेले भव्य हत्ती, असे येथील दृश्य आहे. या लेण्यांची निर्मिती परमार राजा उदयादित्याच्या काळातील, म्हणजे अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, मानली जाते. या हत्तींपुढे उभे राहिलेले मूल हमखास विचारते, ‘हे कोणी केले?’ बरोबरीची वडीलधारी मंडळी मात्र बहुधा निरुत्तर होतात.

शैव लेण्यांप्रमाणेच अंबाजोगाईत जैन लेणीही आहेत, हे आपल्या समाजातील फार थोड्यांना ठाऊक असते. वेरूळची इंद्रसभा आपण आवर्जून पाहतो, धाराशिवच्या लेण्यांचा संबंध करकंडू राजाच्या कथेशी जोडतो. त्याच परंपरेतील हे लहानसे स्थान मात्र आपल्या यात्रेच्या यादीत क्वचितच असते. एकाच गावाने दोन्ही परंपरांना आपल्या कातळात जागा दिली, ही गोष्ट मुलांना पुस्तकापेक्षा येथे अधिक सहज उमगेल.

लेण्यांकडून गावात यावे, म्हणजे आपण यादवकाळात प्रवेश करतो. तेव्हा हे नगर ‘आंबे’ म्हणून प्रसिद्ध होते आणि यादवराजा सिंघणाचा पराक्रमी सेनापती खोलेश्वर याचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. सकलेश्वराचे मंदिर, लोकांच्या तोंडचे ‘बाराखांबी’, इ. स. १२२८ च्या सुमाराचे. अलीकडे राज्य पुरातत्त्व विभागाने तेथे केलेल्या उत्खननात जुन्या मंदिरांचे चौथरे उघडकीस आले. पायाखाली अजून किती इतिहास निजलेला असेल, याची त्यावरून कल्पना यावी.

खोलेश्वराचा पुत्र राम गुजरातेच्या स्वारीत लढताना पडला. त्याच्या स्मरणार्थ त्याची बहीण लक्ष्मी हिने आंबे येथे देवालय उभारल्याचे शके ११६२ (इ. स. १२४०) मधील संस्कृत शिलालेख सांगतो. स्वाऱ्या, जय आणि दाने यांच्या नोंदींनी भरलेल्या त्या काळच्या लेखांत एका बहिणीचा शोक असा पाषाणावर कोरलेला भेटतो, तेव्हा आठशे वर्षांचे अंतर क्षणभर नाहीसे होते.

दुपारनंतर मराठी भाषेच्या वाटेने निघावे. शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ रचल्याचे परंपरा मानते, त्या मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर डोंगरदरीत आहे. सोळाव्या शतकातील दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या वस्त्रावर ‘पंचीकरण’ हा विषय लिहून काढला. ती ‘पासोडी’ याच गावाचे धन होय.

आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज नावाची पाच हजार वर्षांपूर्वीची समाधी आहे. हिरव्या कुरणांतील त्या टेकाडाच्या गर्भात हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसांच्या पहाटे सूर्यकिरण शिरतो. तो एरवी केव्हा पाहावा? म्हणून वर्षभर येणाऱ्या पाहुण्यांना लहान गटाने आत नेऊन दिव्याच्या प्रकाशात तो क्षण समजावून सांगितला जातो. दगड तेथेही मुकेच आहेत, पण बोलणारा माणूस सोबत असतो.

अंबाजोगाईत ते काम सध्या कुटुंबातील वडीलधाऱ्यांनीच करावयाचे आहे. येण्यापूर्वी घरी तासभर वाचावे, मुलांना नावे सांगून ठेवावीत. कोरीव कामास हात लावू नये, भिंतीवर नाव लिहू नये, आणलेला कचरा परत न्यावा. ज्या वास्तूकडे कोणी फिरकत नाही, तिची पडझडही कोणाच्या ध्यानात येत नाही. येत्या सुट्टीत योगेश्वरीचे दर्शन झाल्यावर गाडी लगेच वळवू नये. भाऊबहिणींना सोबत घेऊन लक्ष्मीची ती कथा तेथेच, त्या गावात उभे राहून सांगावी.