रंगपेटीची निगा

शाळा सुरू होताना यादीप्रमाणे रंग आणावेत आणि दिवाळीनंतर उघडून पाहावं, तर निम्म्या बाटल्यांत दगड आणि उरलेल्यांना वास! पुन्हा गुलमंडीची फेरी, पुन्हा खर्च. घरात एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारं मूल असो, की दुपारच्या निवांत वेळी साडीवर, अभ्र्यांवर रंगकाम करायची आपली हौस असो, हा अनुभव बहुतेकींना आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवरच्या अजिंठ्याची चित्रं आठवा. गेरू, पिवळी माती, काजळी आणि अफगाणिस्तानाकडून आलेला लाजवर्द हा निळा दगड, यांचे ते रंग दीड हजार वर्षांनंतरही दिसतात. अशी माती किंवा दगडाची पूड नासत नाही. नासतो तो तिला धरून ठेवणारा डिंक, सरस किंवा तेल. म्हणून आपल्या रंगात काय मिसळलंय ते आधी ओळखावं.

जलरंग आणि पोस्टर रंग : यांत डिंक असतो. तो सुकला तरी पाण्याने पुन्हा मऊ होतो. सुकलेली ट्यूब फेकू नका. कापून आतला रंग वडीसारखा वापरा. पोस्टर रंगाच्या बाटलीत उकळून गार केलेल्या पाण्याचे थोडे थेंब घाला, रात्रभर ठेवा आणि सकाळी काडीने ढवळा. ब्रश बाटलीत बुडवू नये. रंग काडीने ताटलीत काढावा. पावसाळ्यात वड्या ओल्या असताना पेटी मिटली की बुरशी आलीच! वास मारणारा रंग मात्र सरळ टाकून द्यावा.

ॲक्रिलिक आणि कापडावरचे रंग : हे एकदा वाळले की प्लॅस्टिकच झाले, पाण्याने सुटत नाहीत. म्हणून लागेल तेवढाच रंग काढा, बाटलीचं तोंड पुसून झाकण घट्ट लावा, ब्रश लगेच धुवा.

तैलरंग : यांतलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. ट्यूब खालून दाबत यावी, आटे पुसावेत. झाकण अडकलं तर पिळू नका, गरम पाण्यात मिनिटभर धरा.

सुकलेला रंग वाचवायला घरातला गोंद किंवा गोडं तेल घालण्याचा मोह टाळा. अजिंठ्यालाच १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी चित्रांच्या रक्षणासाठी लाखेचं व्हार्निश लावलं. पुढे ते पिवळं पडलं, चित्रं झाकोळली आणि ते काढण्याचं नाजूक काम करावं लागलं.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा रंग खिडकीत किंवा स्लॅबखालच्या माळ्यावर नकोत. कपाटाच्या खालच्या, थंड कप्प्यात ठेवा. लहान मूल असेल तर कप्प्याला कुलूप हवंच, कारण काही तैलरंगांत शिसं, कॅडमियम असे विषारी धातू असतात. म्हणूनच रंगाची वाटी पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये आणि टर्पेंटाइन सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात! पाण्यात भिजवा किंवा बाहेर मोकळी पसरून वाळवा, मगच टाका. काम कितीही घाईचं असलं तरी गॅसच्या ओट्याजवळ तर ती क्षणभरही नकोत.