बीडच्या उन्हाळी ताटाला पांढरी वाईन

बीड जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि जेवणही त्याप्रमाणे बदलते. ज्वारीची भाकरी कायमच असते; तिच्या जोडीला कैरीचा तक्कू, काकडीची कोशिंबीर, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, दही-धपाटे, तळलेल्या कुरडया आणि लग्नसराईत येसराची आमटी येते. तिखट, आंबट आणि भाजलेला मसाला यांवर हे ताट उभे असते. त्याच्यासोबत पांढरी वाईन निवडताना बाटलीच्या किमतीपेक्षा तिची आंबटाई, गोडी आणि अल्कोहोलचे प्रमाण पाहणे जास्त उपयोगाचे ठरते.

पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षे दाबून रस सालींपासून लगेच वेगळा करतात आणि तो थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाक्यांत आंबवतात. लाल वाईनमध्ये साली रसातच राहतात, त्यामुळे रंगाबरोबर तुरटपणाही उतरतो. ठेच्यासोबत हा तुरटपणा जिभेवर कडवट आणि कोरडा लागतो. मराठवाडी जेवणासाठी पांढरी वाईन आधी विचारात घ्यावी, ती यासाठी.

चांगली पांढरी वाईन शोधायला महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. नारायणगावच्या इंडाजने १९८०च्या दशकात फेसाळ वाईन बाजारात आणली. राजीव सामंत यांच्या सुलाने नाशिकजवळ १९९७ मध्ये वेली लावल्या आणि २००० मध्ये पहिल्या बाटल्या विकल्या. त्यांत शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या फ्रेंच मुळाच्या जाती होत्या. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. आता सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरातही फ्रातेलीची वाईन तयार होते, आणि बीडहून अकलूज नाशिकपेक्षा जवळ आहे.

इथल्या हवामानात वेल वर्षभर हिरवी राहू शकते. म्हणून बागायतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी करतात. काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. जसजसे ऊन वाढते तसतशी द्राक्षातली आंबटाई घटते आणि साखर चढते, त्यामुळे पांढऱ्या वाईनची द्राक्षे लवकर आणि शक्यतो रात्री किंवा पहाटे तोडतात. उन्हाळी जेवणाला जी तरतरी हवी असते, ती बागेतल्या या घाईतून येते.

निवडीतला सर्वांत अवघड भाग मिरचीचा. मिरचीतले कॅप्सायसिन तोंडातल्या ज्या संवेदकांना चेतवते, त्यांनाच अल्कोहोल अधिक हळवे करते. त्यामुळे १४ टक्क्यांच्या वाईनचा घोट ठेच्यावर घेतला तर आग वाढते. ११ ते १२ टक्क्यांची, किंचित गोडसर शेनिन ब्लां तीच आग आवरते. पिकलेला पेरू, नाशपाती, थोडासा मध असा तिचा वास असतो आणि मागून स्वच्छ आंबटाई येते. भाकरी, पिठले, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी अशा साध्या जेवणाला याहून चांगली जोड सापडणे कठीण आहे. शेनिन अगदी कोरडी, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेलीही मिळते. बाटलीवर तसे लिहिले असेल तर ती तिखटाऐवजी माजलगाव धरणातल्या तळलेल्या माशासाठी राखावी.

आंबट पदार्थाचा नियम वेगळा. वाईन पदार्थापेक्षा कमी आंबट असली तर पाणचट लागते. कैरीच्या तक्कूसमोर किंवा लिंबू पिळलेल्या कोशिंबिरीसमोर सोव्हिन्यों ब्लां टिकते, कारण तिची आंबटाई धारदार असते. तिच्या वासात हिरवी ढोबळी मिरची आणि ताजे गवत असल्याने कोथिंबिरीशीही तिचे चांगले जमते. कुरडया-पापडांसोबत फेसाळ वाईन द्यावी. बुडबुडे आणि आंबटाई तोंडातला तेलकटपणा धुऊन काढतात. येसराच्या आमटीतला भाजलेला मसाला हलक्या वाईनला झाकून टाकतो, तिथे जर्दाळूच्या वासाची, अंगाने भारी व्हिओन्ये चालते. आमरसासोबत मात्र कोणतीही कोरडी वाईन निव्वळ आंबट लागते. द्राक्षे वेलीवर जास्त पिकवून केलेली गोड वाईन असेल तरच तिथे वाईन घ्यावी. दही-धपाट्यांना ताक पुरते.

बीडच्या उन्हात बाटली निवडण्याइतकेच ती सांभाळणेही महत्त्वाचे. ट्रकमध्ये किंवा दुकानाच्या तापलेल्या फळीवर आठवडाभर राहिलेल्या वाईनचा ताजा वास जातो आणि शिजवलेल्या फळासारखा वास येऊ लागतो. उष्णतेने आतला द्रव फुगतो, म्हणून बुचाभोवती चिकट ओघळ दिसला तर ती बाटली परत ठेवावी. खिडकीतल्या मांडणीची बाटलीही नको. लेबलवरचे वर्ष पाहावे. अशा हलक्या वाईन काढणीपासून वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात.

पिताना तापमान ७ ते १० अंश असावे. फ्रीजमध्ये दोन-तीन तास पुरतात. घाई असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या पातेल्यात बाटली गळ्यापर्यंत बुडवली की वीस मिनिटांच्या आत गार होते. नुसत्या बर्फापेक्षा खारे पाणी काचेला सगळीकडून भिडते आणि जास्त थंडही असते. वीज नसेल तर ओले फडके गुंडाळून बाटली वाऱ्यात ठेवतात. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत, माठातल्या पाण्याप्रमाणे, तिचे तापमान बावीस-तेवीस अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय फारसा लागू पडत नाही. पण बावीस अंशही पिण्यासाठी जास्तच, पुढचे काम बर्फाचे. पेल्यात बर्फ टाकला तर आंबटाई आणि वास दोन्ही पातळ होतात, म्हणून पेला अर्ध्याहून कमी भरावा आणि बाटली गार पाण्यातच ठेवावी.

वाईन तहान भागवत नाही. अल्कोहोलमुळे लघवी वाढून शरीरातले पाणी कमी होते. लू वाहणाऱ्या दुपारी ती टाळून ऊन उतरल्यावर, आधी पोटभर पाणी पिऊन आणि जेवणासोबतच घ्यावी. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवली तर तीन-चार दिवस चांगली राहते. फेसाळ वाईन मात्र उघडल्या दिवशीच संपवावी.