गाडी गरम होतेय? काटा लाल पट्ट्यात गेला तर आधी काय कराल आणि बिघाड कसा ओळखाल

मे महिना, लाँग वीकेंड, गाडीत पाच जण, एसी फुल आणि खंबाटकी घाटात मुंगीच्या पावलांनी सरकणारी रांग. अशा वेळी टेंपरेचरचा काटा मधली जागा सोडून हळूहळू वर जायला लागतो. बहुतेक जण इथेच चुकतात. "एवढा घाट चढू, मग थांबू" असं म्हणतात. पण आजकालच्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. ते जास्त तापलं की वाकतं आणि गॅसकेट जातं. फॅन किंवा थर्मोस्टॅट बदलून भागलं असतं, तिथे अख्खं हेड उघडावं लागतं.

तुमच्या गाडीत काटाच नसेल तर लाल रंगाचा थर्मामीटरसारखा दिवा लक्षात ठेवा. निळा दिवा म्हणजे इंजिन अजून थंड आहे, त्याची काळजी नको. लाल लागला की थांबायचंच.

आधी गाडी वाचवा

एसी बंद करा आणि हिटर फुल गरमवर, फुल ब्लोअरवर लावा. उन्हाळ्यात हिटर? हो. हिटर म्हणजे डॅशबोर्डच्या आतला छोटा रेडिएटरच. इंजिनाची थोडी उष्णता तो केबिनमध्ये ओढून घेतो. घाम निघेल, पण सुरक्षित जागा मिळेपर्यंत तेवढा आधार पुरतो. वाफ दिसत असेल किंवा काटा पार लाल पट्ट्यात असेल, तर मात्र बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा.

यानंतरचा मोह म्हणजे रेडिएटरचं झाकण उघडून बघणं. मित्रांनो, हे अजिबात करू नका. कूलिंग सिस्टीम प्रेशर कुकरसारखी बंद असते. दाबामुळे आतलं कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो, ते क्षणात उकळतं आणि थेट तोंडावर, हातावर उडतं. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा रबरी पाइप हाताला कोमट लागला की मगच जाड फडकं ठेवून झाकण हळू फिरवा. रेडिएटरच्या फॅनपासूनही बोटं लांब ठेवा, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होतो.

पातळी कमी असेल तर पिण्याच्या पाण्याची बाटली ओतून गॅरेजपर्यंत जाता येतं. पण तापलेल्या इंजिनात गार पाणी नको, धातूला तडा जाऊ शकतो. आणि नंतर योग्य कूलंट भरून घ्याच. बोअरचं पाणी तसंच वापरत राहिलात तर बादलीला जसे पांढरे क्षार चढतात, तसेच ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात.

गाडी कधी तापते? उत्तर त्यातच आहे

मेकॅनिककडे जाऊन नुसतं "गाडी गरम होते" म्हणू नका. कधी होते, ते सांगा.

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो? संशय फॅनवर. धावत्या गाडीत समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीत सगळा भार फॅनवर असतो. घरच्या घरी तपासा: इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन थोड्याच वेळात फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, वायरिंग किंवा फॅनची मोटर.

उलट, गावात ठीक पण चढाला किंवा वेगात तापत असेल, तर उष्णता बाहेर टाकण्याची ताकदच कमी पडतेय. रेडिएटर आतून चोंदला असेल, बाहेरून जाळीत माती-किडे अडकले असतील, किंवा वॉटर पंप थकला असेल.

आणि सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा वर? थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असू शकतो. हा व्हॉल्व्ह साधारण ८० ते ९० अंशांच्या आसपास उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडतो. इंजिन तापलंय, वरचा पाइप गरम आणि खालचा गारच, हे त्याचं ओळखीचं लक्षण. काही जण वैतागून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. इंजिन मग नीट तापतच नाही आणि पेट्रोल जास्त जातं. नवीन बसवणं केव्हाही बरं.

कूलंट कमी होतंय, पण खाली थेंब नाही

हे सगळ्यात गंभीर. बाहेर गळत नसेल तर ते इंजिनाच्या आत जात असेल, म्हणजे गॅसकेट. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं ऑइल, गरम इंजिनातूनही सायलेन्सरला सतत पांढरा धूर, किंवा इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत बुडबुडे, यातलं काही दिसलं तर गाडी चालवत नेऊ नका, टो करा.

एक गंमत लक्षात ठेवा. कूलंट पूर्ण संपलं तर काटा कधीकधी *खाली* येतो, कारण सेन्सरला टेकायला द्रवच उरत नाही. गरम हवा देणारा हिटर अचानक गार हवा फेकू लागला तर हाच धोका समजा.

मोबाइलवर बघायचं असेल तर

अलीकडच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली ओबीडी-२ पोर्ट असतो. त्यात ब्लूटूथ डोंगल लावलं की ॲपवर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. काट्यापेक्षा हे कामाचं, कारण बऱ्याच गाड्यांचा काटा मोठ्या टप्प्यात मुद्दाम मधेच स्थिर ठेवलेला असतो. ८५ ते १०५ च्या दरम्यान आकडा वर-खाली होणं साधारणपणे नॉर्मल. ११० च्या पुढे चढतच राहिला तर थांबा. पी०१२८ कोड आला तर इंजिन पुरेसं तापत नाहीये, बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. पी०२१७ म्हणजे ओव्हरहीट.

गाडी चालवताना स्क्रीनकडे शेजारच्याला बघायला सांगा. घाटात तुमचं लक्ष रस्त्यावर हवं.