जलाशयाचा जीर्णोद्धार

मुंबईच्या मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यानात फिरावयास येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की, आपल्या पायांखाली कोट्यवधी लिटर पाणी साठलेले आहे. १८८७ च्या सुमाराचा हा जलाशय आजही गिरगाव, काळबादेवी, फोर्ट, कुलाबा या भागांची तहान भागवितो. त्याची क्षमता सुमारे १४ कोटी ७० लाख लिटर आहे. असा वृद्ध पण कामसू जलाशय पाडून नवा बांधण्याचा घाट महापालिकेने घातला होता. खर्च सुमारे ६९८ कोटी रुपये आणि ३८९ झाडांवर गंडांतर, हा हिशेब २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हा रहिवासी खडबडून जागे झाले.

पालिकेची चिंता अनाठायी होती असे आम्ही म्हणणार नाही. जुने बांधकाम दगा देईल, तर दक्षिण मुंबई पाण्यावाचून तळमळेल. परंतु नागरिकांनी केवळ झाडांसाठी गळा काढला नाही. स्वतंत्र तज्ज्ञांनी आत उतरून पाहिल्यावाचून पाडापाडीचा निर्णय कशाच्या बळावर, हा रोकडा सवाल त्यांनी विचारला. परिणामी तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये कप्पे रिकामे करून पाहणी झाली. समितीत मतभेद झाले हे खरे. पण पुढे रूरकीच्या आय.आय.टी.नेही पुनर्बांधणीची गरज नाही, दुरुस्ती पुरेशी आहे, असा निर्वाळा दिला आणि पाडण्याचा बेत मागे पडला.

देवळाचा जीर्णोद्धार आपल्याला कळतो. पाण्याच्या टाकीचाही जीर्णोद्धार असू शकतो, हे मात्र आपण विसरतो. वास्तविक पाण्याची सोय करणे हे आपल्याकडे पुण्यकर्मच मानले गेले. मुंबईच्याच भातबाजारातील, १८७६ सालच्या केशवजी नाईक पाणपोईचा २०१५ मध्ये झालेला जीर्णोद्धार याच वाटेवरचा आहे. उपयोगाची वास्तू वस्तुसंग्रहालयातील शोभेची वस्तू होऊन नव्हे, तर आपले काम करीत राहूनच खऱ्या अर्थाने जगते.

तथापि विजयाच्या आनंदात नागरिकांनी एवढ्यावर थांबू नये. सुचविलेली दुरुस्ती वेळच्या वेळी न झाल्यास काही वर्षांनी हाच जलाशय खरोखरच धोकादायक ठरेल, आणि मग पाडण्याला विरोध करावयास कोणाला तोंड राहणार नाही. जलाशय वाचविला, आता तो राखावयाचा आहे.