फायब्रॉइड आणि ‘नैसर्गिक’ औषधे : सुरक्षिततेचा मागोवा

गर्भाशयाच्या स्नायूत वाढणाऱ्या फायब्रॉइडच्या गाठी सहसा कर्करोगाच्या नसतात आणि पाळी कायमची थांबल्यावर बहुधा आक्रसतात. तोवर मात्र पाळीत भरमसाट रक्त जाणे, ओटीपोट जड होणे, वारंवार लघवीला लागणे आणि रक्तक्षय असे त्रास होतात. त्यांवर महाराष्ट्रातील स्त्रियांनी अशोकाच्या सालीपासून ग्रीन टीच्या कॅप्सूलपर्यंत अनेक उपाय केले. काळाच्या ओघात औषध देणारा बदलला, बनवणारा बदलला आणि दुष्परिणामांची जबाबदारी घेणाराही बदलला.

बोरघाट उतरल्यावर लागणाऱ्या पनवेलला १८७२ मध्ये कृष्णशास्त्री पुराणिकांनी ‘श्री धूतपापेश्वर’ सुरू केले. १८९९ मध्ये सांडू बंधूंचा उद्योग उभा राहिला. वैद्याने प्रकृती पाहून द्यायचे अशोकारिष्ट अशा कारखान्यांमुळे बाटलीत मिळू लागले. ते गूळ आणि धायटीची फुले घालून आंबवतात, त्यामुळे त्यात साखर असते आणि मद्यार्कही तयार होतो. मधुमेही किंवा गरोदर स्त्रीला ही गोष्ट सांगणारा वैद्य बाटलीबरोबर घरी येत नव्हता. घाटावर लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन करून योगक्रिया प्रयोगशाळेत मोजायला घेतल्या. वनौषधींना तशी कसोटी लागायला आणखी बराच काळ गेला.

कायद्याने आधी जाहिरातीला हात घातला. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत गर्भाशयाचे विकार आणि पाळीच्या तक्रारी या दोन्हींचा समावेश आहे. ते बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही. १९४० च्या औषध कायद्यात आयुर्वेदिक औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आले ते १९६४ च्या दुरुस्तीने, आणि कारखान्यांतील उत्पादनाचे नियम २००० मध्ये.

बाटलीत नेमके काय आहे, हा प्रश्न तरीही उरला. खऱ्या अशोकाची झाडे जंगलात विरळ झाली आणि बागेत, रस्त्याकडेला लावल्या जाणाऱ्या उंच ‘आसुपालव’ची साल त्याच्या नावाने बाजारात येऊ लागली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. रक्तस्रावाने आधीच हिमोग्लोबिन घटलेल्या स्त्रीच्या शरीरात शिसे गेले तर रक्तक्षय वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९–२१ मध्ये महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पाहणीने या विषयाची दुसरी बाजू समोर आणली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अनावश्यक शस्त्रक्रियेची ही धास्ती खरी आहे, आणि ‘ऑपरेशनशिवाय गाठ विरघळवा’ या जाहिरातीला गिऱ्हाईक मिळते ते त्याच धास्तीमुळे.

दरम्यान औषधांशेजारी पूरक आहाराचे डबे आले. त्यांचे २०१६ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना डब्यावर बंधनकारक ठरली. आज अशी कॅप्सूल मोबाइलवरून मागवली की लोणावळ्याजवळच्या भाजे गावातही घरपोच येते, आणि ती कोणासाठी आहे हे वाटेत कोणी विचारत नाही.

यांपैकी थोड्याच पदार्थांची फायब्रॉइडवर चाचणी झाली आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इजिप्तमधील छोट्या अभ्यासात रोज ८०० मिलिग्रॅम ग्रीन टी अर्क चार महिने घेणाऱ्या स्त्रियांच्या गाठींचे आकारमान सरासरी ३२.६ टक्क्यांनी घटले. त्या अर्कात मुख्य घटक ४५ टक्केच होता. हाच घटक जास्त मात्रेत यकृताला इजा करू शकतो, म्हणून युरोपीय संघाने २०२२ मध्ये त्याच्या दैनंदिन मात्रेला ८०० मिलिग्रॅमच्या आतली मर्यादा घातली. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. गाठींसाठी दिल्या जाणाऱ्या कांचनार गुग्गुळातील गुग्गुळ इतर औषधांच्या परिणामात बदल करू शकतो आणि गरोदरपणात टाळला जातो. हळदीचा तीव्र अर्क रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत घेतल्यास रक्तस्राव वाढण्याची शक्यता असते.

दुष्परिणामांच्या नोंदीसाठी आयुष औषधांची राष्ट्रीय यंत्रणा २०१८ मध्ये नव्याने उभी राहिली, पण रुग्णाने सांगितल्याशिवाय तिच्यापर्यंत काही पोहोचत नाही. त्यामुळे चालू असलेला काढा, चूर्ण किंवा कॅप्सूल स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवणे आणि शस्त्रक्रियेपूर्वी ते कधी थांबवायचे हे विचारणे आवश्यक ठरते. पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्त जाणे, गाठ झपाट्याने वाढणे, चक्कर येईल इतका रक्तस्राव होणे किंवा गर्भ राहिल्याची शंका असणे, यांपैकी काहीही असेल तर आधी तपासणी करून घ्यावी लागते. अशा वेळी निर्धोक पूरकसुद्धा नुकसान करते, कारण त्याच्या भरवशावर निदानाला उशीर होतो.