पितळेची लाली

सुरतेच्या दक्षिण अंगास, उधन्याला लागून पसरलेल्या डिंडोलीत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांची इतकी दाट वस्ती आहे की, आपण गुजरातच्या मुलखात आहोत याचे स्मरण दुकानांच्या पाट्यांनीच काय ते करून द्यावे. या वस्तीच्या संसाराविषयी काही लिहावे म्हणून संपादकांनी मला तेथे धाडले होते. लिहून झाले ते मात्र पितळेविषयी. ज्या घरी मी चौकशीसाठी गेलो, त्या घरचे वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांना अवघी गल्ली ‘आबा’ म्हणते, आपल्या उमेदीचा सारा काळ एका दारूगोळा कारखान्यात काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आम्लात धुण्याच्या खात्यावर होते; आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या त्यांच्या भाच्याने नेमके त्याच सकाळी एक छायाचित्र पाठवून विचारले होते, ‘मामा, या पुंगळ्या लाल कशाने झाल्या?’

हा भाचा नेमबाजीच्या एका मंडळाचा सभासद आहे. झाडलेल्या काडतुसाची पुंगळी स्वच्छ करून तिच्यात नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी भरण्याची तिकडे सर्रास प्रथा आहे. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यान्वये काडतुसे तयार करण्यास परवाना लागतो, म्हणून पुंगळी आपल्याला बहुधा वर्तमानपत्रातील पंचनाम्यातच भेटते. भाच्याने काळवंडलेल्या पुंगळ्या मीठ घातलेल्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवल्या. सकाळी काळेपणा गेला होता, परंतु सोनसळी पिवळेपणाही गेला होता, आणि त्याच्या जागी तांब्यासारखी गुलाबी झाक आली होती, जी दुपारपर्यंत ठिकठिकाणी तपकिरी पडली.

अशा कारखान्यांचा सरकारी इतिहास थोडक्यात असा : खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, भुसावळजवळच्या वरणगावचा १९६४चा, आणि २०२१च्या ऑक्टोबरात जुने आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा हे दोन्ही कारखाने पुण्यास मुख्य कचेरी असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले. आबांना यात फारसा रस नव्हता. आपण कोणत्या कारखान्यात होतो याचीही वाच्यता ते करीत नाहीत. तेथील आकडे आणि मापे विचारली असता त्यांनी शांतपणे सांगितले की नोकरी सुटली तरी घेतलेली शपथ सुटत नाही. म्हणून पुढील वर्णनात जे तंत्र आहे ते धातुशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल असेच आहे. आबांची आहे ती नजर.

काडतुसाच्या पितळेत दर शेकडा सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असते. पत्र्याची चकती कापून तिचा आधी उथळ पेला करतात, आणि मग त्या पेल्याला साच्यातून ठोशाने पुनःपुन्हा ओढून लांब, पातळ नळी बनवितात. प्रत्येक ओढीसरशी धातू ताठर होतो आणि तसाच पुढे रेटला तर फाटतो, म्हणून मधूनमधून त्याला सहाशे अंशांच्या आसपास भट्टीत तापवून मऊ करावे लागते. तापवले की पृष्ठावर भस्माचा थर चढतो. तो थर घेऊन पुंगळी पुन्हा साच्यात गेली तर साच्यालाही ओरखडे आणि पुंगळीलाही. म्हणून सौम्य केलेल्या गंधकाम्लाची टाकी, तिच्यामागे पाण्याच्या टाक्या. आबांचे आयुष्य या टाक्यांच्या काठी गेले. ओढकाम पाहण्यास पाहुणे येत, छायाचित्रे यंत्रांची निघत. टाकीकडे कोणी वळत नसे. परंतु मला या सबंध मालिकेत ही टाकीच सर्वांत विलक्षण वाटली, कारण येथे मनुष्य धातूवर बळ चालवीत नाही, धातूला एका द्रवाच्या स्वाधीन करून वाट पाहतो, आणि किती वेळ वाट पाहायची हेच सारे कसब आहे.

लालीविषयी आबा बोलू लागले तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्यांच्या लेखी लाली एक नाही. भट्टीतून आलेल्या पितळेवर तांब्याचे जे तांबडे भस्म असते, त्याला सौम्य गंधकाम्ल भेटले की त्यातील अर्धे तांबे विरघळून मोरचुदाच्या रूपाने पाण्यात उतरते आणि उरलेले अर्धे शुद्ध तांबे होऊन पृष्ठावरच बसते. ही पहिली लाली, मखमलीसारखी, बोट फिरवले तर बोटाला लागणारी. दुसरी लाली निष्काळजीपणाची. टाकीत एखादा लोखंडी खिळा वा चिमटा पडला की लोखंड विरघळू लागते, आणि टाकीत साचलेले तांबे त्याच्या बदल्यात बाहेर येऊन जवळच्या मालावर डागाडागांनी बसते. अशा दिवशी पाळी संपेपर्यंत आबा स्वतः टाकी उपसून तो खिळा शोधत; दुसऱ्या कोणावर सोपवीत नसत. आणि तिसरी, भाच्याच्या पुंगळ्यांवर दिसत होती ती. जस्त हे तांब्याहून पुष्कळ लवकर विरघळणारे. आम्लात, विशेषतः मिठाच्या संगतीत, पितळ फार वेळ राहिले तर पृष्ठाजवळचे जस्त निघून जाते आणि मागे सच्छिद्र, भुसभुशीत तांबे उरते. ही लाली पुसून जात नाही, कारण ती वरून बसलेली नसून आतून उघडी पडलेली असते.

हे सांगताना आबांनी सुनेला हाक मारून पितळी घागर मागविली. तिच्या कानाखाली एक गुलाबी पट्टा होता. लग्नघाईत कोणीतरी चिंच लावून ती तशीच ठेवून दिली होती. ‘चिंच लावावी, घासावी आणि लगेच धुवावी, लावून विसरू नये,’ असे ते म्हणाले, आणि मला वाटते त्यांच्या खात्याचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे. पुष्कळ घरांत ते आजीकडून नातीकडे आजही जाते.

प्रत्येक रंग दोष नव्हे, हेही त्यांनी आग्रहाने सांगितले. लष्करी पुंगळीच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा असते. मान शेवटची तापवून मऊ केल्याची ती निशाणी, आणि ती मुद्दाम घासून काढीत नाहीत, कारण तपासनिसाला ती कामाचा दाखला म्हणून हवी असते.

मग भाच्याच्या पुंगळ्या वापराव्यात की टाकाव्यात? येथून पुढे आमचे बोलणे अडचणींतच गुंतत गेले. क्षणभर आम्लात जाऊन आलेल्या पुंगळीची लाली केवळ पृष्ठाची असते. अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यात फिरवली की ती निघते आणि बळ अबाधित राहते. रात्रभर भिजलेल्या पुंगळीत जस्त किती खोलवरून गेले, हे मात्र वरून कळत नाही. घासून ती पिवळी दिसू लागली म्हणजे ती धड झाली असेही नाही. रायफलीच्या पुंगळीची मान अर्धा मिलिमीटरही जाड नसते, आणि ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसात बार उडतो त्या क्षणी सुमारे चार हजार वातावरणांइतका दाब उत्पन्न होतो. पितळेने त्या दाबाने फुगून बंदुकीची कोठी बंद करावयाची आणि लगेच आकसून सुटायचे, ही अपेक्षा भुसभुशीत तांब्याकडून करता येत नाही.

शिवाय रंग काहीच सांगत नाही असेही धोके आहेत. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात पावसाळ्यात साठविलेली काडतुसे आपोआप तडकत. घोड्यांच्या पागांतून येणारा अमोनिया आणि ओढकामात धातूत कोंडून राहिलेला ताण, या दोहोंच्या संयोगाने ते होते, असे १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिले, आणि हलक्या आचेवर तापवून तो ताण उतरविण्याचा उपाय रूढ झाला. पितळ चकाकविणाऱ्या कित्येक द्रवांत आजही अमोनिया असतो. आम्लाने पितळ लाल झाले म्हणून घाबरून मनुष्य तोच द्रव चोपडतो, आणि लाली जाऊन अदृश्य चीर येते. कारखान्यांतून लाली काढण्यासाठी गंधकाम्लात बायक्रोमेट घालण्याची जुनी रीत होती. तिने पितळ लखलखीत निघते, परंतु ते क्रोमियम कर्करोगजनक आहे. आबांचे दोन सोबती निवृत्तीपूर्वीच गेले. कशाने, हे ते सांगत नाहीत आणि मीही अनुमान करणार नाही.

अखेरीस आबांनी भाच्याला उत्तर लिहविले, मी लिहून घेतले. रात्रभर भिजलेल्या सगळ्या पुंगळ्या ठोकून चपट्या कराव्यात, म्हणजे चुकूनही कोणी भरणार नाही. पुढल्या वेळी मीठ नको, पातळ सायट्रिक आम्ल, तेही घड्याळ लावून काही मिनिटेच, मग भरपूर पाणी, मग खाण्याच्या सोड्याचे पाणी, पुन्हा साधे पाणी, आणि लगेच कोरडे करणे, कारण दुपारी उठलेले तपकिरी डाग मागे राहिलेल्या आम्लाचे होते. मजकूर गेला. थोड्या वेळाने आबांना काही आठवले आणि त्यांनी आणखी एक प्रश्न धाडला : भिजवल्या कशात? झाडलेल्या काडतुसाच्या टोपीतून पुंगळीत शिसे उतरते, आणि व्हिनेगरने त्या शिशाचे जे लवण होते ते चवीला गोड आणि विषारी असते. भाच्याने कळविले की, स्वयंपाकघरातल्या पातेल्यात. आबांनी तत्काळ फोन लावावयास सांगितले, आणि पुंगळ्यांविषयी एक शब्दही न बोलता ते पातेले पुन्हा चुलीवर चढवायचे नाही, त्यातले पाणी मोरीत ओतायचे नाही, आणि तेथील नगरपालिका विषारी कचरा कोठे घेते याची आजच चौकशी करायची, असे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतले.